पग घोरतो, कोसळतो: चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचं ऑपरेशन करावं का?

नागपूरहून एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा पग चिकू साडेतीन वर्षांचा, वजन साडेबारा किलो. लहानपणापासून घोरतो. या मे महिन्यात दोनदा कोसळला: एकदा संध्याकाळी गच्चीवर, एकदा पाहुणे आल्यावर नुसता नाचून. जीभ जांभळट पडली, पाचेक मिनिटांनी आपोआप उठला. जेवल्यावर अधूनमधून पांढरा फेस ओकतो. तिथल्या डॉक्टरांनी नाकाचं आणि टाळूचं ऑपरेशन सुचवलंय. सासरे म्हणतात, पग म्हटला की घोरणारच, कापाकापी कशाला? शेजारी म्हणतात, या कुत्र्यांना भूल दिली की ती उठत नाहीत. तर करावं का, धोका किती, आणि नंतर तो पूर्ण बरा होईल का?

ताई, आधी उत्तर, मग कारणं. ऑपरेशन करावं, आणि ऑक्टोबर हीटच्या आत करावं. कुठे करायचं हे ठरवताना मात्र 'तुमच्याकडे लेझर आहे का' असं विचारू नका. 'ऑपरेशननंतरच्या रात्री चिकूजवळ कोण थांबणार' असं विचारा. चपट्या तोंडामुळे होणाऱ्या या श्वासाच्या आजारात कापणं-शिवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं भूल उतरताना आणि पहिल्या रात्री होतं, आणि कुत्रं हातचं जातं ते बहुतेक त्याच वेळात.

सासऱ्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पग घोरतात हे खरंच. पण घरोघरचे पग घोरतात म्हणून घोरणं निरोगी ठरत नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजची 2012 ची एक पाहणी आहे. ज्या कुत्र्यांना श्वासाचा आजार असल्याचं तपासणीत दिसलं, त्यांच्या मालकांना विचारलं की तुमच्या कुत्र्याला श्वासाचा काही त्रास आहे का. 58 टक्के मालक 'नाही' म्हणाले. घोरणं, धापा टाकणं, थोडं चाललं की बसणं हे सगळं त्याच मालकांना दिसत होतं. फक्त तो आजार आहे असं वाटत नव्हतं. माझ्याकडे तेच चालतं. लसीला आलेला पग बाहेरच्या बाकावर बसलेला असतो, त्याचा श्वास मला आत टेबलापाशी ऐकू येतो, आणि मालक आत येऊन सांगतात, "तब्येत एकदम फर्स्ट क्लास आहे, डॉक्टर!" 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीची जाहिरात आली, मुलामागे चालणारा तो पग सगळ्यांना हवाहवासा झाला, आणि त्याच्याबरोबर हा आवाजही आपण 'क्यूट' म्हणून घरात घेतला.

आता आत नेमकं काय होतं ते सांगतो, कारण ते कळलं की ऑपरेशन कशासाठी आणि घाई कशासाठी हे वेगळं सांगावं लागत नाही.

पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग, शिह त्झू, पेकिंगीज, बोस्टन टेरिअर या जातींचं तोंड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आखूड केलं. कवटीचं हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही. मऊ टाळू तेवढाच लांब, उलट जाडच. जीभ मोठी. नाकाच्या आतल्या सुरळीसारख्या हाडांना पसरायला जागा नाही म्हणून ती मागे, हवेच्या वाटेतच वाढलेली. आणि अगदी पुढे नाकपुड्या: जिथे गोल भोक असायला हवं तिथे स्वल्पविरामासारखी एक चीर. चिकूचं नाक उजेडात समोरून बघा. श्वास आत घेताना नाकपुडीची बाहेरची भिंत उघडते की आत ओढली जाते, एवढंच पाहा. आत ओढली जात असेल तर गडबड तिथूनच सुरू आहे.

अरुंद वाटेचा हिशोब फार क्रूर असतो. भौतिकशास्त्रातला नियम असा की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तिच्यातून वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध दुप्पट नाही, सोळा पट होतो. कुत्र्याचं नाक हुबेहूब नळी नाही, पण अंदाज यायला हे पुरे. म्हणून एखाद-दोन मिलिमीटरने नाकपुडी मोठी केली तरी फरक दिसतो, आणि म्हणूनच थोडी सूज आली तरी प्राण कंठाशी येतो.

एवढ्या विरोधातून हवा ओढायची म्हणजे छातीने जोर लावायचा. घट्ट लस्सी पातळ स्ट्रॉने जोरात ओढली की लस्सी येत नाही, स्ट्रॉच चपटी होते. चिकूच्या घशात दर श्वासाला तसं होतं. मऊ टाळू ओढला जाऊन स्वरयंत्राच्या तोंडावर फडफडतो. तोच घोरण्याचा आवाज. रोज हजारो वेळा आपटून टाळू आणखी सुजतो, जाड होतो. टॉन्सिल त्यांच्या खोबणीतून बाहेर येतात. स्वरयंत्रात दोन बाजूंना छोट्या पिशव्या असतात, सॅक्यूल म्हणतात त्यांना. त्या उलट्या होऊन वाटेत येतात. आणि हे वर्षानुवर्षं चाललं की स्वरयंत्राची कूर्चाच थकते आणि आत दुमडायला लागते. सॅक्यूल उलटणं ही स्वरयंत्र कोसळण्याची पहिली पायरी. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर कूर्चाचे तुकडे एकमेकांकडे झुकतात, आणि तिथे पोचलेल्या कुत्र्याला नाक-टाळूच्या ऑपरेशनचा फायदा फार थोडा होतो. पगमध्ये ही कूर्चा मुळातच नरम असते, त्यामुळे फ्रेंचीपेक्षा, म्हणजे फ्रेंच बुलडॉगपेक्षा, पगच्या बाबतीत उशीर जास्त महागात पडतो. साडेतीन वर्षं हे वय म्हणून मला महत्त्वाचं वाटतं. अजून दोन उन्हाळे थांबलात तर तेच ऑपरेशन तेवढं कामाला येईलच असं नाही.

फेस ओकण्याचा याच्याशी काय संबंध, असं तुम्हाला वाटलं असेल. थेट संबंध आहे. छातीत एवढी ओढ निर्माण झाली की जठराचं तोंड वर ओढलं जातं, आम्ल अन्ननलिकेत येतं, कधी जठराचा भाग पडद्यातून वर सरकतो. बऱ्याच फ्रेंची आणि पगना आधी महिनोन्‌महिने 'ॲसिडिटी'ची औषधं चालू असतात आणि घशाकडे कुणी पाहिलेलंच नसतं. वर आलेलं आम्ल घसा आणखी सुजवतं, म्हणून हे दुष्टचक्र दोन्हीकडून फिरतं. ऑपरेशनच्या आधी काही दिवस आम्ल कमी करणारं औषध सुरू करतात ते यासाठीच. पोट शांत असलेलं कुत्रं भुलेतून सुखरूप उठण्याची शक्यता जास्त.

आजार किती आहे हे कसं ठरवायचं? केंब्रिज विद्यापीठाच्या गटाने यावर चांगलं काम केलंय आणि 2019 पासून ब्रिटनच्या केनेल क्लबबरोबर त्याची रीतसर योजना चालू आहे. पद्धत इतकी साधी आहे की आपल्याकडच्या कुठल्याही दवाखान्यात करता येते. कुत्रं शांत असताना घशावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकायचं. मग तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं; रमतगमत नाही आणि सुसाटही नाही. लगेच पुन्हा ऐकायचं. आवाज किती वाढला, श्वासाला पोट-बरगड्या किती ओढल्या जातात, जिभेचा रंग काय, यावरून शून्य ते तीन असे दर्जे. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे स्टेथोस्कोपला ऐकू येतं, कुत्र्याला त्रास नाही. दोन म्हणजे आवाज स्पष्ट, चालण्यावर परिणाम, उपाय हवा. तीन म्हणजे दम कोंडणं, जीभ निळी पडणं, शुद्ध हरपणं. चिकू नाचता नाचता जांभळा होऊन पडला असेल तर त्याला पळवून बघायची गरजच नाही. कुणी भर दुपारी पार्किंगमध्ये पळवून बघू म्हणाले तर नको म्हणा.

घरी एक काम करा: झोपलेल्या चिकूचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. दवाखान्यात आलेलं कुत्रं घाबरलेलं असतं, तिथला श्वास खरा नसतो. झोपेतला खरा. मान उंच करून, सोफ्याच्या कडेवर हनुवटी टेकवून झोपतो का? तोंडात खेळणं धरून झोपतो का? लोक त्याचे फोटो कौतुकाने दाखवतात. पण नाकातून श्वास पुरत नाही म्हणून दात उघडे राहावेत अशी ती सोय असते. बसल्या बसल्या डुलकी घेऊन दचकून जागा होतो का? झोपेत श्वास थांबणं हा प्रकार इंग्लिश बुलडॉगमध्ये तर चाळीसेक वर्षांपूर्वीच नोंदला गेलाय.

इथे एक गोष्ट वेगळी करतो, कारण त्यावरून रोज फोन येतात. मधूनच मान ताठ करून नाकाने आत 'खर्र खर्र' असे झटके घेणं आणि अर्ध्या मिनिटात काही झालंच नाही असं वागणं, याला उलटी शिंक म्हणतात आणि ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. पॉमेरेनियनचा बदकासारखा कोरडा खोकला हा श्वासनलिका ढिली पडल्याचा, तो आजारच वेगळा. आणि चक्कर येऊन पडणाऱ्या कुठल्याही कुत्र्याचं हृदय तपासल्याशिवाय दोष घशावर ढकलू नये.

तपासण्यांत रक्त आणि छातीचा एक्स-रे आलाच. एक्स-रेमध्ये फुप्फुसं, हृदयाचा आकार, जठर वर सरकलंय का आणि श्वासनलिकेची रुंदी दिसते. काही कुत्र्यांची, विशेषतः इंग्लिश बुलडॉगची, श्वासनलिका जन्मतःच बारीक असते; ती ऑपरेशनने बदलत नाही, पण भुलेची नळी कुठल्या मापाची लागेल हे आधी कळतं. रक्ताच्या तपासणीत आपल्या भागात मी एका गोष्टीवर अडून बसतो: प्लेटलेट. गोचिडांमुळे होणारा एर्लिकियाचा ताप महाराष्ट्रात बारमाही आहे, कुत्रं वरून खातंपितं दिसतं आणि प्लेटलेट पार खाली गेलेल्या असतात. नाक आणि टाळू या रक्ताने भरलेल्या जागा. तिथे रक्त थांबलं नाही तर ते थेट श्वासाच्या वाटेत उतरतं. गोचिडाचा ताप निघाला तर आधी त्याचा पूर्ण कोर्स, मग ऑपरेशन. आठ दिवस औषध देऊन 'आता बरा दिसतोय' म्हणत घाई करू नका.

आता प्रत्यक्ष ऑपरेशन. भूल देण्याआधी पाचेक मिनिटं मास्कने ऑक्सिजन, मग शिरेतून औषध आणि लगेच घशात नळी. नळी घालायच्या आधीचे काही सेकंद सर्जनला फार मोलाचे असतात, कारण तेव्हाच जीभ पुढे ओढून टाळू आणि स्वरयंत्र नीट पाहता येतं. जाग्या कुत्र्यात हे दिसत नाही. त्यामुळे 'नेमकं काय काय करावं लागेल' याचं शेवटचं उत्तर तुम्हाला आधी मिळणार नाही, आणि जो डॉक्टर तसं सांगतो तो प्रामाणिक असतो.

नाकपुडीच्या बाहेरच्या भिंतीतून पाचरीच्या आकाराचा तुकडा काढतात आणि कडा बारीक, आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांनी जोडतात. कापल्याबरोबर रक्त भळाभळा येतं. बघणाऱ्याला धडकी भरते, पण पाचर शिवली की थांबतं. दुसरी पद्धत म्हणजे भिंतीचा तुकडा सरळ उडवून जखम तशीच भरू देणं. शिह त्झूच्या तीन-चार महिन्यांच्या पिल्लांवर ही करून चांगला परिणाम मिळाल्याचं प्रसिद्ध झालंय. पुण्या-मुंबईत आज शिह त्झू पगपेक्षा जास्त दिसतात, म्हणून मुद्दाम सांगतो: पिल्लाची नाकपुडी चीर असेल आणि नाकातून बुडबुडे येत असतील तर 'मोठा झाला की उघडेल' म्हणून बसू नका. काळी त्वचा काही आठवडे गुलाबी दिसते, मग बहुतेकांची पुन्हा काळी होते.

टाळूचं काम जास्त नाजूक. तोंड वर टांगून ठेवतात, टाळूच्या टोकाला दोन बाजूंना टाके घेऊन पुढे ओढतात आणि जास्तीचा भाग कापतात. कुठे कापायचं? टॉन्सिलचा मागचा काठ आणि स्वरयंत्राच्या झाकणाचं टोक ही खूण. कमी कापलं तर घोरणं तसंच. जास्त कापलं तर गिळताना पाणी आणि अन्न नाकात चढतं, आणि ते पुन्हा जोडता येत नाही. त्यामुळे माझं मत नेहमी थोडं राखून कापण्याच्या बाजूने. कापताना तोंडाकडचं आणि नाकाकडचं अस्तर एकमेकांना शिवत जातात, म्हणजे उघडी जखम उरत नाही. हल्ली बरेच जण टाळू फक्त आखूड न करता आतलं जादा मांस काढून तो पुढे दुमडून शिवतात. या जातींचा टाळू लांब तर असतोच, पण जाडही असतो, आणि नुसतं टोक छाटल्याने जाडी जात नाही. पगमध्ये मला हे पटतं.

लेझर, रक्तवाहिन्या बंद करत कापणारं यंत्र, की साधी कात्री? लेझरने रक्त कमी येतं, वेळ वाचतो. पण सरावलेल्या हातातली कात्री आणि नवशिक्या हातातलं लेझर यांत मी डोळे झाकून कात्री निवडेन. लेझर नीट न वापरता ऊती भाजली तर सूज वाढते, आणि या ऑपरेशनमध्ये शत्रू सूजच आहे.

उलटलेले सॅक्यूल पांढुरके, चकचकीत दिसतात. ते छाटायचे की ठेवायचे यावर सर्जनांत एकमत नाही. काढताना जास्तीची सूज येते. ठेवले तर वरची वाट मोकळी झाल्यावर ते आपोआप कमी होतील याची खात्री नसते. वाट खरोखर अडवत असतील तर काढावेत असं मी म्हणेन. नाकाच्या आतली हाडं लेझरने कोरण्याचं तंत्र जर्मनीत लाइपझिगला विकसित झालं; ते सगळीकडे मिळत नाही आणि चिकूला पहिल्या फेरीत त्याची गरजही नाही.

शेजाऱ्यांच्या बोलण्यावर येतो. या कुत्र्यांना भुलेचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे खरं. पण धोका भूल 'चढण्याचा' कमी आणि 'उतरण्याचा' जास्त. नळी घशात आहे तोवर चिकू आयुष्यात कधी घेतला नसेल इतका मोकळा श्वास घेत असतो. मी पग नळीसकट उठून बसलेले, आजूबाजूला शांतपणे बघणारे पाहिलेत. दुसरं कुठलंही कुत्रं नळी घशाला लागताच ती थुंकायला धडपडतं. नळी लवकर काढायचा मोह इथेच आवरायचा. कुत्रं पोटावर बसलंय, मान उचलतंय, स्वतः चघळून नळी नको म्हणतंय, तेव्हाच ती काढायची. आणि काढल्यावर पुन्हा घालायची तयारी हाताशी ठेवायची.

त्यानंतरचे बारा-चोवीस तास. टाळूला सूज येते. कुत्रं घाबरतं, जोरात श्वास ओढतं, ओढल्याने सूज वाढते, मग आणखी घाबरतं. हे चक्र वेळेवर तोडायला माणूस जवळ हवा: हलकं गुंगीचं औषध, थंड खोली, ऑक्सिजन, सुजेचं इंजेक्शन, गरज पडली तर ॲड्रेनलिनची वाफ, आणि अगदीच वेळ आली तर पुन्हा नळी किंवा गळ्यातून तात्पुरती वाट. दुसरा धोका उलटीचा. अर्धवट गुंगीत ओकलं आणि ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. डोकं थोडं उंच, कूस वेळोवेळी बदललेली, उलटी थांबवणारं औषध आधीच दिलेलं, एवढी शिस्त लागते. प्रसिद्ध झालेल्या बहुतेक अहवालांत मृत्यूचं प्रमाण शेकडा पाचच्या आत आहे, पण ते अहवाल रात्रभर माणूस जागा असलेल्या रुग्णालयांतले आहेत. संध्याकाळी ऑपरेशन करून नऊला शटर ओढणाऱ्या दवाखान्याला तो आकडा लागू होत नाही.

म्हणून डॉक्टरांना हे विचारा, संकोच न करता: असं ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का? भूल द्यायला वेगळी व्यक्ती आहे ना, की सर्जनच दोन्ही बघणार? सकाळच्या पहिल्या नंबरला घ्याल ना? रात्री कोण? ऑक्सिजनचा पिंजरा आहे का? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. खर्चाचा अंदाज मागताना रात्रीच्या देखरेखीचा आकडा वेगळा लिहून मागा. तो आकडा यादीत नसेल तर देखरेखही नसेल. नागपूरला व्हेटर्नरी कॉलेज आहे. चौकशी तिथून सुरू केलीत तर गावात हे काम कोण करतं ते कळेल.

घरी आल्यावर दोन आठवडे सांभाळायचं. कडक खाणं बंद. ओलं अन्न सुपारीएवढे गोळे करून हाताने द्या, म्हणजे न चावता गिळलं तरी घशाला ओरखडा नाही. गळ्यातला पट्टा कायमचा काढा, छातीचा हार्नेस घाला. भुंकायचं नाही, हे त्याला कोण सांगणार! त्यामुळे दाराची बेल बंद ठेवा, पाहुण्यांना आठ दिवस येऊ नका म्हणा. पहिल्या काही दिवसांत आवाज आधीपेक्षा वाईट वाटू शकतो. त्याने दचकू नका. पण जीभ निळसर, हिरड्या फिक्या, मान लांब करून श्वास, पाणी पिताना ठसका, ताप, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

पूर्ण बरा होईल का? नाही. लॅब्रेडॉरसारखा श्वास त्याला कधीच मिळणार नाही, आणि घोरणं थोडंफार राहील. दर्जा तीनचा कुत्रा दोनवर किंवा एकवर येणं हे चांगलं यश. तुम्हाला फरक दिसेल तो झोपेत, जेवल्यावरच्या फेसात, आणि खेळून झाल्यावर तो किती लवकर सावरतो त्यात. काही कुत्र्यांना वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा काम करावं लागतं. स्वरयंत्र आधीच कोसळलेलं निघालं तर पर्याय अवघड होत जातात; शेवटचा म्हणजे गळ्यातून कायमची वाट, आणि ती रोज साफ करत राहणं सगळ्या घरांना झेपत नाही.

आता एक गोष्ट जी सुरीशिवाय होते आणि जिच्यावर मी सर्वांत जास्त भांडतो. साडेबारा किलो! जातीच्या मापानुसार पग साधारण सव्वासहा ते आठ किलोंचा. चिकू मोठ्या हाडाचा आहे असं धरलं तरी नऊच्या वर नको. चरबी फक्त पोटावर नसते. ती घशाच्या भिंतीत, जिभेच्या मुळाशी, छातीच्या पडद्याखाली असते, आणि वाट आतून अरुंद करते. आठ किलोच्या कुत्र्याला वजन उतरवताना दिवसाला सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी शंभर-सव्वाशेची. म्हणजे सकाळी आजोबांच्या ताटातली एक पोळी हा चिकूच्या दिवसाचा तिसरा हिस्सा, चहाबरोबरचं बिस्किट वेगळंच. अन्न मापून द्या, वाटीने नाही, वजनकाट्यावर. आठवड्याला वजनाच्या एक ते दीड टक्का घट चांगली. या वेगाने नऊवर यायला साधारण पाच ते साडेसात महिने लागतील. तेवढं ऑपरेशनसाठी थांबायचं नाही, कारण तो कोसळतोय. पण आत्तापासून सुरू केलंत तर ऑपरेशनच्या दिवशी किलोभर तरी कमी असेल, आणि भूल देणारा तुमचे आभार मानेल.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. तरी कूलरबद्दल एक बोलतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरचं आणि नाकातलं पाणी उडवून अंग थंड करतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर उत्तम. जूनमध्ये ढग येऊन हवा दमट झाली की तोच कूलर खोलीतला ओलावा वाढवतो, पाणी उडेनासं होतं आणि धाप लागूनही अंग थंड होत नाही. या दिवसांत एसी किंवा निदान पंखा आणि उघडी खिडकी. ब्रिटनमध्ये, तिथल्या हवेत, बुलडॉगना उष्माघात होण्याची शक्यता लॅब्रेडॉरच्या जवळपास चौदा पट आणि पगना तिप्पट निघाली होती. इथलं काय ते तुम्हीच ओळखा. चिकू तापून पडला तर आधी नळाच्या साध्या पाण्याने अंग भिजवा, पंख्याखाली धरा, आणि मग गाडीत घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो थोड्याच वेळात उबेचं काम करतो. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका.

शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही पण विचाराल: पुढेमागे कुणी चिकूची पिल्लं मागितली तर नको म्हणा. ऑपरेशनने नाक उघडतं, पिल्लांना दिलं जाणारं नाक तेच राहतं. भूल देणारच आहेत तर त्याच वेळी नसबंदी होईल का हे विचारून घ्या; चिकूची तब्येत आणि ऑपरेशनला लागणारा वेळ पाहून डॉक्टर ठरवतील. नेदरलँड्समध्ये 2019 पासून नाकाची लांबी कवटीच्या ठरावीक प्रमाणापेक्षा कमी असलेल्या कुत्र्यांचं प्रजनन बंद केलंय. आपल्याकडे 2017 चे प्रजनन आणि विक्रीचे नियम आहेत. त्यांत ब्रीडरची नोंदणी, मादीचं वय आणि दोन वेतांमधलं अंतर आहे, पण पिल्लाचं नाक केवढं असावं याबद्दल काही नाही. तेवढं काम पिल्लू घेणाऱ्यालाच करावं लागतं: घ्यायला जाल तेव्हा आई-बाप दाखवा म्हणा, आणि त्यांना अंगणात तीन मिनिटं पळवून दाखवा म्हणा.

नागपुरात सोय झाली नाही आणि मुंबई-पुण्याला यावं लागलं तर विमानाच्या सामानकक्षात चिकूला ठेवू नका. बऱ्याच विमान कंपन्या या जाती घेतच नाहीत, आणि बरोबरच करतात. रात्रीच्या गाडीचा फर्स्ट एसीचा आख्खा कूपे घ्या, स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्याची नोंद करा, लसीचं कार्ड जवळ ठेवा. निघण्याआधी चार तास खाणं नको. प्लॅटफॉर्मवर त्याला उचलून घ्या, पळवू नका. आणि येताना तो झोपेतला व्हिडिओ फोनमध्ये असू द्या.